दगडावरचा रिकामा चौकोन

१

नगराध्यक्ष दुशाननं दोरी ओढली, निळं कापड घसरून खाली पडलं आणि बँडवाल्यांनी सूर धरला. टाळ्या थांबायच्या आतच बोगोविच मास्तर खुर्चीतून उठले. तरातरा दगडापाशी गेले, चष्मा कपाळावर सरकवला, एका ओळीवर बोट ठेवलं आणि अख्ख्या बंदराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "हे काय?"

बँड बेसूर होत थांबला.

सत्तावन्न साली 'गालेब' नावाची मासेमारीची बोट ड्रागा गावातून निघाली आणि परत आली नाही. तिच्याबरोबर गेलेल्यांची नावं या दगडावर होती, आणि ती क्रक बेटाच्या जुन्या लिपीत, ग्लागोलित्सात, कोरलेली होती. ही लिपी गावात वाचता येते ती मास्तरांना आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्या दोघाचौघांना. बाकीच्यांना ती वाचता येत नाही, पण अभिमान सगळ्यांना सारखाच.

"दिंको स्पारोझिच," मास्तर म्हणाले. "द आहे, इ आहे, न आहे, क आहे. आणि पुढे? पुढे चौकोन! रिकामा चौकोन! ओ कुठे गेला?"

लोक पुढे सरकले. नेवेंका ग्रश्कोविच पहिल्याच रांगेत होती, कारण 'गालेब'चा तांडेल तिचा सख्खा मामा. दगडावर त्याचं नाव सर्वांत वर, धडधाकट होतं. दिंकोच्या नावाच्या शेवटी मात्र खरोखरच एक चौकोन होता. चार रेषा, आत काही नाही.

मग जे व्हायचं तेच झालं. दगड कोरणारा शिमे म्हणाला, "संगणकातून आलं तसं कोरलं. मला काय ती लिपी येते?" नगरपालिकेतली लोरेना म्हणाली, "मास्तरांनी पाठवलं ते मी पुढे पाठवलं." मास्तर म्हणाले, "माझ्याकडून गेलं तेव्हा ओ होता!" नगराध्यक्ष म्हणाले, "तांत्रिक बाब आहे," आणि बँडला पुन्हा वाजवायला सांगितलं. बँडनं ऐकलं नाही.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "शोधताय काय? बार्बा फ्रानेला विचारा की!"

फ्राने मागे ओढून ठेवलेल्या होड्यांपाशी हाताची घडी घालून उभा होता. द्राक्षमळेवाला, सत्तरी ओलांडलेला, म्हणून गावाचा बार्बा, म्हणजे काका, आणि एकटा. स्पारोझिच घराण्याशी त्याचं जुनं वैर. दिंकोची जुळी बहीण दिंका, हिच्याशी त्याचं लग्न ठरलं होतं. बोट बुडाली त्याच सुमाराला ती गावातून नाहीशी झाली. इटलीला पळाली म्हणे, कुणा परक्याबरोबर. भाऊ समुद्रात गेला आणि हिनं सुतकसुद्धा पाळलं नाही, असं लोक अजून बोलत. फ्रानेनं लग्न केलं नाही. दगडाचा ठराव आला तेव्हा नगरपालिकेत जाऊन त्यानं टेबलावर मूठ आपटली होती: त्या घरातलं नाव बंदरावर लावलंत तर हातोडा घेऊन येईन.

सगळ्यांच्या माना आपल्याकडे वळल्या तसा फ्राने म्हणाला, "मी केलं असतं तर अख्खं नाव घालवलं असतं. एका अक्षरानं माझं काय पोट भरणार?" आणि पाठ फिरवून चालू लागला.

"पळतोय बघा," कुणीतरी म्हणालं.

नगराध्यक्ष नेवेंकाच्या कानाशी लागले. गाव तिला तेता, म्हणजे मावशी, म्हणे. "तेता नेवेंका, पोलिसांकडे नको न्यायला. उद्या वर्तमानपत्रात हसं होईल. तुम्ही जरा बघता का?"

नेवेंकानं सगळा जन्म रियेकाच्या बंदर कार्यालयात काढला होता. बोटी का बुडतात हे शोधून काढणं हे तिचं काम. निवृत्त होऊन गावी आल्यापासून ती टोमॅटो लावत होती आणि खरं सांगायचं तर कंटाळली होती.

"बघते," ती म्हणाली. "पण तोवर फ्रानेचं नाव कुणी घ्यायचं नाही."

ते कुणी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रानेच्या फाटकावर कुणीतरी खडूनं मोठा चौकोन काढून ठेवला होता.

२

"बघा ना तेता, तुम्हीच बघा," लोरेना म्हणाली आणि तिनं पडदा नेवेंकाकडे वळवला.

नगरपालिकेचा संगणक जुनापुराणा होता. नोटपॅडमध्ये मास्तरांनी पाठवलेला मजकूर उघडला होता, आणि त्यात चौकोनांशिवाय काहीही नव्हतं. ओळीच्या ओळी चौकोन.

"हे असंच आलं?"

"असंच. मी घाबरले. मास्तरांना फोन केला तर ते माझ्यावरच डाफरले, 'माझ्याकडे सगळं दिसतंय, तुझं यंत्र भंगारात घाल' म्हणून. मग ग्रॅझिएलाला बोलावलं."

ग्रॅझिएला इटलीतल्या त्रिएस्तेची. अक्षरं घडवणं हाच तिचा धंदा. दोन उन्हाळे ती बेटावर येऊन जुन्या शिलालेखांवरची अक्षरं कागदावर उतरवून घेत होती, आणि त्यांच्यावरूनच या दगडासाठी तिनं खास फॉन्ट तयार केला होता. मोबदला घेतला नव्हता. मास्तर तर तिच्यावर इतके खूश होते, की गावातल्या पोरींना तिचं उदाहरण देऊन देऊन त्यांनी वीट आणला होता.

"काय म्हणाली ती?"

"म्हणाली, अक्षरं आहेत जागच्या जागी, फक्त ती दाखवायला या यंत्राकडे फॉन्ट नाही. ज्या अक्षराचा आकार सापडत नाही तिथे यंत्र चौकोन काढतं. मग तिनं आपला फॉन्ट बसवून बघितला. मी तिच्यासाठी कॉफी करायला आत गेले. येऊन बघते तर चौकोन तसेच. 'फार जुनं यंत्र आहे, घेत नाही,' म्हणाली. 'तू बिनधास्त पुढे पाठव, शिमेकडे बरोबर दिसेल.' मी पाठवलं."

"त्या दिवशी दुसरं कोण आलं होतं?"

लोरेना घुटमळली. "बार्बा फ्राने. त्या आधी, सकाळी. मी साहेबांना बोलवायला गेले तेव्हा तो एकटाच होता इथे. याच खुर्चीत." मग घाईनं म्हणाली, "पण त्याला टीव्हीचा आवाज कमी करता येत नाही हो! आमच्या आईला हाक मारतो त्यासाठी."

"तेव्हाही पडद्यावर हे चौकोनच होते?"

"हो."

नेवेंकानं त्या ओळींकडे बराच वेळ पाहिलं. दिंकोचं नाव यादीच्या मध्यावर कुठेतरी होतं. पण कुठे? एक चौकोन दुसऱ्यासारखा, दुसरा तिसऱ्यासारखा.

"लोरेना, तुला यातला दिंकोचा ओ दाखवता येईल?"

"कसा दाखवणार? सगळे सारखेच."

"मग फ्रानेलाही दाखवता आला नसता." नेवेंकानं पर्स खुर्चीला अडकवली. पर्स अडकवली की आता बराच वेळ मुक्काम, असा तिचा जुना शिरस्ता. "तो फॉन्ट तुझ्याकडे आहे?"

"आहे. तिनं ई-मेलनं पाठवला होता आधी. पण ते यंत्र घेत नाही ना..."

"तू स्वतः बसवून बघितलास?"

"नाही. तिच्यासारख्या बाईला जमलं नाही तर मला काय जमणार?"

"बघ तरी."

लोरेनानं फाइल उघडली, एक बटण दाबलं, नोटपॅड बंद करून पुन्हा उघडलं, यादीतून फॉन्टचं नाव निवडलं. पडदा क्षणभर कोरा झाला आणि मग चौकोनांच्या जागी अक्षरं उभी राहिली. काटकोनी, कंगवे आणि शिड्या एकमेकांत अडकवाव्यात तशी, जुन्या चर्चच्या भिंतीवर असतात तशीच.

"अगंबाई!" लोरेना म्हणाली. "घेतला की!"

"घेतला," नेवेंका म्हणाली. "विनातक्रार."

मग दोघींनाही ते एकदमच दिसलं. सगळे चौकोन गेले होते, फक्त एक सोडून. यादीच्या मध्यावर, बारीक रेघांचा, शेजारच्या अक्षरांपेक्षा लहान आणि जरासा खाली घसरलेला.

"या अक्षराचा आकार फॉन्टमध्ये नसेल," लोरेना म्हणाली.

"कुठलं अक्षर हवं होतं तिथे? ओ. मास्तरांनी मला दगडावर दाखवलाय ओ कसा असतो तो." नेवेंकानं वरच्या ओळीवर बोट टेकवलं. "हा मार्कोचा ओ. दिसतोय. हा आंतोनचा ओ, तोही दिसतोय. मग दिंकोचाच का रुसला?"

लोरेना पडद्याकडे बघत राहिली.

"मास्तरांची मूळ ई-मेल उघड," नेवेंका म्हणाली.

मूळ फाइल उघडली. तिच्यात दिंकोच्या नावापुढे ओ होता, ठसठशीत. पुढे शिमेला गेलेल्या फाइलमध्ये नव्हता. म्हणजे जे काही घडलं ते याच खोलीत, याच यंत्रावर.

"हा न दिसणाऱ्या अक्षराचा चौकोन नाहीच, लोरेना," नेवेंका सावकाश म्हणाली. "चौकोन हेही एक चिन्ह आहे, फुली किंवा चांदणी असते तसं. कुणीतरी ओ खोडला आणि तिथे मुद्दाम चौकोन ठेवला. चौकोनांच्या गर्दीत एक चौकोन. कुणाला दिसणार?"

लोरेनाचा चेहरा पडला. "तेता, हे यंत्र माझं आहे. लोक म्हणतील मीच केलं."

"म्हणतील खरं," नेवेंका म्हणाली आणि पर्स उचलली.

३

शिमेच्या कारखान्यात पांढरी धूळ भुवयांवरसुद्धा बसते. शिमे स्वतः दाराशीच उलट्या बादलीवर बसला होता.

"थडगी जाताहेत माझ्या हातची," तो म्हणाला. "काल बाकाची म्हातारी येऊन सांगून गेली, नवऱ्याचा दगड दुसरीकडे देते. म्हणे, तू त्याच्या नावात काय कोरशील नेम नाही. बावीस वर्षांत कुणाच्या नावात चूक नाही माझी!"

"साचा आहे का रे, ज्यावरून कोरलंस तो?"

त्यानं रबराचा तो लांबलचक साचा भिंतीवरून काढून टेबलावर पसरला. अक्षरं त्यातून कापून काढली होती. नेवेंकानं चष्मा लावला आणि दिंकोच्या नावावर वाकली.

नगरपालिकेच्या पडद्यावरचा चौकोन बारीक होता, बुटका होता, ओळीच्या खाली घसरला होता. इथला तसा नव्हता. याच्या रेषा अक्षरांच्या रेषांइतक्याच जाड होत्या, उंची अक्षरांइतकी, आणि तो ओळीवर असा नेमका बसला होता की जणू लिपीतलंच एक अक्षर.

"हा कोरताना तुला काही वाटलं नाही?"

"काय वाटायचंय? या लिपीत निम्मी अक्षरं चौकोनीच. हा त्यांच्यातलाच वाटला. वेगळा दिसला असता तर विचारलं नसतं का मी?"

"शिमे, ही फाइल तुझ्या यंत्रावर उघडलीस तेव्हा फॉन्ट कुठून आणलास? लोरेनानं पाठवला?"

"नाही. ती त्रिएस्तेची बाई स्वतः आली होती. म्हणाली, आधीचा राहू दे, हा ताजा घे, कोरायला बरा पडेल. स्वतः बसवून दिला. चांगली आहे बाई. जाताना माझ्या कुत्र्याला बिस्किटं दिली."

नेवेंकानं चष्मा काढून पुसला. धूळ होतीच, पण त्यापेक्षा तिला विचार करायला वेळ हवा होता. एकच फाइल. तिथे चौकोन उपरा दिसतो, कारण त्या फॉन्टमध्ये तो नाहीच, यंत्रानं तो दुसरीकडून उसना आणलाय. इथे तो घरचा दिसतो, कारण या फॉन्टमध्ये कुणीतरी बसून तो काढलाय. अक्षरांच्या मापाचा, अक्षरांच्या जाडीचा. शेकडो वर्षं जुन्या लिपीत रिकामा चौकोन काढायचं कारण काय? दगडावर कोरला जावा, आणि कोरणाऱ्याला शंका येऊ नये, एवढंच.

हे लोरेनाला करता आलं नसतं. मास्तरांनाही नाही, ते तर एका बोटानं टंकतात.

"मग? कुणी केलं?" शिमेनं विचारलं.

"तू नाहीस," नेवेंका म्हणाली. "एवढं आज गावात सांगून टाक."

पण रस्त्यानं चालताना ती खूश नव्हती. कोणी केलं ते हाती लागलं होतं. त्रिएस्तेच्या एका परक्या बाईला ड्रागातल्या बुडालेल्या खलाशाच्या शेवटच्या अक्षराशी काय देणंघेणं असावं, हे मात्र तिला उमगेना. चालता चालता ती ते नाव ओठातल्या ओठात म्हणत होती. दिंक. दिंक. त्याला ओ लावला की...

ती रस्त्याच्या मधोमध थांबली. मागून येणाऱ्या मोटारवाल्यानं भोंगा वाजवला, खिडकीतून डोकं काढून तिचा उद्धार केला आणि वळसा घालून गेला.

४

ग्रॅझिएला खाणावळीच्या अंगणात एकटीच जेवत होती. चाळिशीची, बोटांना शाईचे डाग, केस आखूड. नेवेंका समोर बसली तशी ती हसली.

"तेता नेवेंका! घ्या ना काहीतरी. यांच्याकडे आज प्रेस्नात्स आहे, बेटावरचा तो चीजचा गोड केक, पण खरं सांगू का, चीज जरा जुनं वापरलंय. ओलं, त्याच दिवशीचं लागतं."

"तुला काय माहीत?"

"बाबा करतात ना. दर ईस्टरला."

"तुझे बाबा इस्त्रियातले म्हणून सांगितलं होतंस ना, पलीकडच्या किनाऱ्यावरच्या, आतल्या गावचे?"

"हो."

"तिकडे कोण करतं प्रेस्नात्स? इथून बेटाचा पूल ओलांडला की त्याचं नावसुद्धा फारसं कुणाला ठाऊक नसतं."

ग्रॅझिएलानं काटा खाली ठेवला.

"त्या दिवशी नगरपालिकेत फॉन्ट बसला नाही म्हणालीस," नेवेंकानं सरळ सुरुवात केली. आवाज चढवला नाही. बंदर कार्यालयातही ती कधी चढवत नसे. "काल लोरेनानं बसवला. एका बटणात बसला. तुझ्यासारखीला जमलं नाही हे काही मला पटेना. म्हणजे बसला होता. लोरेना कॉफी करत होती तेव्हा अक्षरं तुला दिसली, त्यातला एक ओ तू खोडलास, चौकोन ठेवलास आणि फॉन्ट काढून टाकलास. पुन्हा सगळे चौकोन. आणि मग शिमेला तू जो ताजा फॉन्ट दिलास त्यात तो चौकोन आधीच काढून ठेवलेला होता. चुकतंय का माझं कुठे?"

ग्रॅझिएलानं बोटावरचा शाईचा डाग अंगठ्यानं चोळला. मग म्हणाली, "रेषा जास्तच चांगल्या काढल्या ना मी?"

"जास्तच. वाईट काढता येत नाही तुला."

"पोलिसांत देणार?"

"एका म्हाताऱ्याच्या फाटकावर लोक खडूनं चौकोन काढताहेत. शिमेची गिऱ्हाइकं तुटताहेत. तिकडे लोरेना रडतेय. मला आधी कारण सांग. की मीच सांगू?" नेवेंका पुढे वाकली. "दिंको लिहिलं होतं. शेवटचं अक्षर काढलं तर उरतं दिंक. त्याला ओ लावला तर भाऊ. आ लावला तर बहीण. तुझ्या वडिलांचं नाव काय, ग्रॅझिएला?"

"दोमेनिको."

"घरी काय म्हणतात त्यांना?"

अंगणात वाढपी पोरगी प्लेटा उचलत होती. ती आत जाईपर्यंत ग्रॅझिएला थांबली.

"दिंको," ती म्हणाली.

एकदा ते तोंडातून गेल्यावर बाकीचं सांगायला तिला फार वेळ लागला नाही. दिंकोला सैन्यात बोलावणं आलं होतं आणि त्याला जायचं नव्हतं. त्या काळी पोरं त्रिएस्तेला पळत, पकडली गेली तर तुरुंगात सडत. 'गालेब' सहकारी संस्थेची होती. कामावर माणूस आला नाही तर तासाभरात मिलिशियाला, म्हणजे पोलिसांना, वर्दी जायची. दिंकोला हवा होता एक दिवस. तो दिंकानं त्याला दिला. त्याचा मेणकापडी डगला अंगावर चढवला, टोपी डोळ्यांवर ओढली आणि त्याच्या जागी बोटीवर गेली. तांडेलाला दिंकोनं आधीच सांगून ठेवलं होतं. त्यानं काही न बोलता तिला चढू दिलं. संध्याकाळी परत यायचं होतं सगळ्यांना.

दुपारी बुरा सुटला, डोंगरावरून समुद्रावर कोसळणारा तो वादळी वारा.

"बाबांना त्रिएस्तेच्या निर्वासितांच्या छावणीत कळलं. महिन्याभरानं. मागून पळून आलेल्या एकानं सांगितलं, तुमच्या गावची बोट गेली आणि तिच्यावर दिंको होता. घरी लिहायची सोय नव्हती. जिवंत आहे कळलं असतं तर आजीला धरलं असतं. आजीनंही तोंड शिवलं. मुलगा बुडाला आणि मुलगी पळाली, असं गावाला मानू दिलं. पुढे भीती गेली, पण तोवर लाज बसली होती. मलाही दोन वर्षांपूर्वी सांगितलं, आजारी पडले तेव्हा. म्हणाले, कुणाला सांगायचं नाही."

"म्हणून तू इथे आलीस?"

"गाव बघायला आले होते. मग मास्तर भेटले, दगडाचं निघालं. बाबांना सांगितलं तर ते रात्रभर जागे. मी जिवंत असून माझं नाव मेलेल्यांत लावणार आणि ती मेली तरी तिला जागा नाही, असंच म्हणत राहिले. पण वचन सोडायला तयार नाहीत."

"मग सरळ आ का नाही लिहिलास?"

"मास्तरांनी चूक म्हणून दुरुस्त केला असता. चुकलेलं अक्षर लोक गुपचूप सुधारतात, तेता. रिकामी जागा दिसली की विचारतात. मी वचन मोडणार नव्हते. पण कुणीतरी विचारावं असं मला फार वाटत होतं."

नेवेंका मामाचा विचार करत होती. त्या वाऱ्यात जाळी ओढायला त्याच्याजवळ एक कसलेला हात कमी होता. बोट बुडाल्याच्या अहवालात हे कुठेच नव्हतं. असतं तर तिनं त्याखाली लाल रेघ मारली असती.

"तुझ्या बाबांना फोन लाव," ती म्हणाली. "सांग, कुणीतरी विचारलं म्हणून. आणि हेही सांग, इथे एक माणूस आहे, त्याला सांगायला मी जाणार नाही. ते त्यांनाच करावं लागेल."

५

रविवारच्या सकाळी ग्रॅझिएलाची गाडी फ्रानेच्या फाटकापाशी थांबली. खडूचा चौकोन नेवेंकानं आधीच ओल्या फडक्यानं पुसला होता. गाडीतून एक वाळलेला म्हातारा उतरला, काठी टेकत. त्यानं मळ्याकडे पाहिलं, समुद्राकडे मुळीच पाहिलं नाही.

फ्राने स्वयंपाकघरात चाकूनं पावाचे तुकडे करत होता. "आता काय, चौकशी?" तो नेवेंकाला म्हणाला. "सांगितलं ना, मी नाही..." आणि तिच्या मागे कोण उभं आहे ते त्यानं पाहिलं. चाकू हातातच राहिला.

"फ्राने," म्हातारा म्हणाला. "मी दिंको."

"दिंको मेला."

"नाही मेला. ती मेली."

दिंकोनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बसायला कुणी सांगितलं नव्हतं. मधे एकदा त्याची काठी घसरली तेव्हा ग्रॅझिएला पुढे झाली, पण त्यानं हातानंच तिला थोपवलं. सांगून झाल्यावर फ्रानेनं विचारलं, "तिला पोहता येत होतं?"

"नाही."

"मलाही तेच आठवत होतं." फ्रानेनं चाकू खाली ठेवला. "पोहता येत नाही आणि निघाली. तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी. माझ्या जागी मी असतो तर बोट कदाचित..."

"त्या बुऱ्यात कुणीही असतं तरी बोट गेलीच असती," नेवेंका म्हणाली. हे तिला ठाऊक नव्हतं, कुणालाच ठाऊक होणार नव्हतं. तरी ती आपल्या जुन्या कार्यालयीन आवाजात, शिक्का मारावा तशी म्हणाली. दोघा म्हाताऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि ते मान्य केलं.

फ्राने खिडकीशी गेला. "आमचं ठरलं होतं, द्राक्षं उतरली की लग्न. ती गेली आणि लोक हसले माझ्यावर. मी तिला शिव्या घातल्या. सकाळी उठून घातल्या, मळ्यात घातल्या, दारू पिऊन घातल्या. म्हातारा झालो शिव्या घालत. आणि ती सगळा वेळ तिथे खाली होती." त्यानं समुद्राकडे बोट केलं. "आता त्या परत कशा घेऊ? सांग ना. तू सांग!"

दिंको काठीवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला, मार खायला उभा असावा तसा. नेवेंकालाही क्षणभर वाटलं की आता फ्राने हात उगारेल. तो वळला तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि मुठी आवळलेल्या होत्या.

पण तो दिंकोसमोर येऊन थांबला आणि त्याच्या तोंडाकडे बघायला लागला. पांढऱ्या भुवया, गालांची उंच हाडं, ओठाची डावी कड जराशी खाली ओढलेली. बघत राहिला. मुठी कधी सुटल्या ते त्यालाही कळलं नाही.

"फोटो जाळले होते मी तिचे," तो म्हणाला. "चेहरा आठवेनासा झाला होता."

त्यानं खुर्ची ओढली आणि दिंकोला खांद्याला धरून तिच्यात बसवलं, खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून.

"हलू नकोस जरा," फ्राने म्हणाला आणि समोर बसला. "म्हातारी झाली असती तर अशीच दिसली असती."